कळ, कळणे आणि कळवळा

दुखण्यासाठी आपल्या भाषेत जितके शब्द आहेत, तितके सुखासाठी नाहीत. दाढ ठणकते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, कमरेत चमक निघते, भाजलेल्या बोटाची आग होते, खरचटलेले गुडघे चुरचुरतात, पिकत आलेले गळू ठसठसते. फार वेळ मांडी घालून बसले की पायाला रग लागते आणि उठताना मुंग्या येतात. आमच्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. दवाखान्यात डॉक्टर कन्नड बोलणारा भेटला, तर खेड्यातली म्हातारी त्याला नुसते 'नोवु' सांगून थांबत नाही. मुठीची उघडझाप करून ती ठणका दाखवते, बोट झटकून चमक दाखवते. शब्द अपुरे पडतात तेथे हात बोलू लागतात. माणसाला आपले दुखणे नुसते सोसायचे नसते. ते कोणाला तरी नेमके कळवायचे असते.

या साऱ्या शब्दांत 'कळ' हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. कळ म्हणजे वेदना. कळणे म्हणजे जाणणे. आणि दुसऱ्याची कळ आपल्याला कळली की आत दाटून येतो तो कळवळा. या तिन्ही शब्दांच्या व्युत्पत्तीचा वाद भाषाशास्त्रज्ञांवर सोपवू. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. कळ उठते एका शरीरात. ती ज्याची त्याला कळते, हे उघड आहे. पण शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला ती कळते, म्हणजे नेमके काय होते? त्याला ती खरोखर कळते, की तो ती फक्त मान्य करतो? आणि त्याने मान्य करायचे नाकारले, तर त्याला खोटे कसे पाडणार?

आपल्याकडे नैयायिकांनी सुखदुःख हे आत्म्याचे गुण मानले. मन या अंतरिंद्रियाने ते ज्याचे त्यालाच प्रत्यक्ष होतात. दुसऱ्याच्या ठिकाणी त्यांचे अनुमान करावे लागते, असे त्यांचे म्हणणे. आजच्या विज्ञानाने या अनुमानाच्या जागी प्रत्यक्ष पुरावा आणून ठेवला आहे, असा अनेकांचा समज असतो. मी बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. मज्जासंस्थेचा धडा आला की मुलांपैकी कोणीतरी विचारतच असे, "सर, मग दुखणे म्हणजे नुसती वीजच ना?" हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढण्यासारखा नाही. त्यासाठी आधी ही 'वीज' म्हणजे काय, ते नीट पाहिले पाहिजे.

मज्जातंतूतून जाणारी वीज ही घरातल्या तारेतून वाहणारी वीज नव्हे. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. मज्जातंतूत तसे काही लांबवर वाहत जात नाही. मज्जापेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी. त्याच्या बाहेर सोडियमचे आयन आतल्यापेक्षा सुमारे दसपट, तर आत पोटॅशियमचे आयन बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट. या विषमतेमुळे पटलाच्या दोन बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक राहतो. ७० मिलिव्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण पटलाची जाडी लक्षात घेतली तर हे विद्युत्क्षेत्र मीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट इतके भरते. हवेत ठिणगी पाडायला याच्या तिसऱ्या हिश्शाइतके क्षेत्र पुरते. आपण निवांत बसलेलो असतो, तेव्हाही आपल्या प्रत्येक मज्जापेशीच्या भिंतीवर हा ताण असतो.

टाचेत काटा रुतला की त्या जागचा हा फरक थोडा कमी होतो. तो एका मर्यादेपलीकडे कमी झाला की पटलातली सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसतो आणि क्षणात आतबाहेरची बाजू उलटते. लगेच ती दारे मिटतात, पोटॅशियमची उघडतात, तो बाहेर पडतो आणि पूर्वस्थिती येते. हा सारा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात, फार तर दोन-तीन भागांत आटोपतो. पण तेवढ्यात शेजारच्या जागेची दारे उघडलेली असतात आणि तिच्या पलीकडच्या जागेची उघडू लागलेली असतात. दिवाळीतल्या लवंगीच्या सरीची वात डोळ्यांसमोर आणावी. वातीच्या एका टोकाची आग दुसऱ्या टोकापर्यंत वाहत जात नाही. प्रत्येक ठिकाणची दारू शेजारच्या धगीने पेटते आणि स्वतःच्याच बळावर जळते. म्हणून वात कितीही लांब असली तरी आग वाटेत मंदावत नाही. शिवाय ती उदबत्तीने पेटवा नाहीतर फुलबाजीने, जळायची तशीच जळते. फरक इतकाच, की जळलेली वात राख होते आणि मज्जातंतू मात्र क्षणार्धात पुन्हा नवा होऊन बसतो.

हे गणिताने सिद्ध करून दाखवले हॉजकिन आणि हक्सली या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी. बाजारात आपण ज्याला माकूल म्हणतो, त्या प्राण्याच्या अंगात एक अजस्र मज्जातंतू असतो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत भरते. प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत १९३९ साली या दोघांनी त्या तंतूच्या पोटात सूक्ष्म तार घालून आतला विद्युद्दाब मोजला. लगेच महायुद्ध सुरू झाले. पुढचे काम १९५२ साली प्रसिद्ध झाले. त्यातली समीकरणे हक्सलीने हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. १९६३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या निरोपाला वेग असतो आणि तो आपल्याला वाटतो तेवढा मोठा नसतो. हेल्महोल्ट्झचा गुरू म्युलर याला तो मोजता येण्याची आशाच वाटत नव्हती. शिष्याने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूतला वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. ज्या तंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते, त्यांतले सर्वांत जलद तंतू माणसात सेकंदाला सुमारे १२० मीटरपर्यंत निरोप नेतात. उलट वेदनेचे बरेचसे निरोप ज्या बारीक, वेष्टन नसलेल्या तंतूंतून जातात, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतका. पायाच्या अंगठ्याला ठेच लागते तेव्हा आधी एक लखकन चमक येते. ती पातळ वेष्टनाच्या, जरा जलद तंतूंतून आलेली असते. मग क्षणभर काहीच नसते, आणि मागून तो ओळखीचा ठणका येतो. तो पायी चालत आलेला असतो. आपल्या आज्यांनी 'चमक' आणि 'ठणका' हे दोन शब्द वेगळे ठेवले, त्यामागे शरीररचनेचा असा आधार आहे.

येथवर विज्ञान स्पष्ट आहे. गोंधळ पुढे सुरू होतो. एड्रियनने १९२६ साली एकेका तंतूतले निरोप नोंदवून पाहिले, तेव्हा त्याला दिसले की निरोपाचा आकार बदलत नाही. जोराने दाबले तर निरोप मोठा होत नाही; फक्त एकामागून एक अधिक दाट येऊ लागतो. आणि डोळ्यातून येणारा, कानातून येणारा, त्वचेतून येणारा, असे सारे निरोप मूलतः एकाच जातीचे. सूर्योदयाचा रंग आणि विंचवाचा डंख यांच्या तारा एकाच लिपीत लिहिलेल्या असतात. मग त्यांतली एक सुंदर का आणि दुसरी असह्य का? कोणता तंतू मेंदूत कोठे पोहोचतो त्यावर ते ठरते, हे उत्तर बरोबर आहे. पण पोहोचल्यावर तेथेही पुन्हा असेच निरोप आहेत. लायब्निझने १७१४ साली लिहिलेल्या एका छोट्या ग्रंथात हा पेच मांडून ठेवला होता. तो म्हणतो, विचार करणारे, संवेदना असणारे यंत्र आहे असे समजा आणि ते इतके मोठे करा की पिठाच्या चक्कीत शिरावे तसे त्यात शिरता यावे. आत काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग. जाणीव कोठेच दिसणार नाही. आज आपण त्या चक्कीत शिरलो आहोत, भागांची नावे आपल्याला पाठ आहेत, आणि लायब्निझ म्हणाला तेच दिसते आहे.

यावर कोणी म्हणेल, हा तत्त्वज्ञांचा काथ्याकूट झाला. व्यवहारात निरोप म्हणजेच वेदना धरून चालायला काय हरकत आहे? हरकत अशी, की व्यवहारातही ते जुळत नाही. दुसऱ्या महायुद्धात बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टराने मोठ्या जखमा झालेले कितीतरी सैनिक पाहिले, जे शुद्धीवर असूनही वेदनाशामक नको म्हणत होते. निरोप होता, वेदना नव्हती. दुसरीकडे हात तुटलेल्या माणसाला नसलेल्या हाताची बोटे आवळल्यासारखी दुखतात. तेथे वेदना आहे आणि जेथून निरोप यावा ते बोटच नाही. म्हणूनच वेदनेच्या अभ्यासाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना स्पष्ट म्हटले, की केवळ मज्जापेशींच्या हालचालीवरून वेदनेचे अनुमान करता येत नाही. आणि एखाद्याला बोलून सांगता येत नाही, म्हणून त्याला वेदना नाही असेही ठरत नाही. वरवर कोरडी वाटणारी ही दोन वाक्ये फार महागात शिकलेली आहेत.

ती किंमत कोणी मोजली, ते सांगतो. ईथरची भूल १८४६ साली बोस्टनमध्ये जाहीरपणे दिली गेली आणि शस्त्रक्रियेतली किंकाळी थांबली. पण नवजात बालकांच्या बाबतीत ती पुरती थांबली नाही. विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या मोठमोठ्या रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर छाती उघडण्याच्या शस्त्रक्रियासुद्धा स्नायू लुळे करणारे औषध आणि अगदी नाममात्र भूल एवढ्यावर होत असत. लुळे पडलेले बाळ हलत नाही, रडत नाही. या प्रथेच्या समर्थनार्थ जी कारणे दिली जात, त्यांतले एक मज्जातंतूंचे होते. बाळाच्या तंतूंवर मायलिनचे वेष्टन अजून पुरते चढलेले नसते. सबब निरोप नीट जात नाहीत. सबब त्याला दुखत नाही.

हा युक्तिवाद ज्या डॉक्टराने खोडून काढला, त्याचे वैद्यकीय शिक्षण इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात झाले होते. इंदूर हे आपल्या मराठी माणसांचे जुने गाव, म्हणून हे मुद्दाम नोंदवले. कंवलजीत आनंद हे इंदूरहून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तेथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. एकाला रूढ पद्धतीची नाममात्र भूल, दुसऱ्याला तिच्या जोडीला फेंटानिल हे वेदनाशामक. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरके कितीतरी अधिक उसळली आणि शस्त्रक्रियेनंतरचा त्रासही त्यांनाच जास्त झाला. हे १९८७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आनंद आणि हिकी यांनी मायलिनच्या मुद्द्याचे उत्तर दिले, आणि ते उत्तर इतके साधे आहे की ते आधी कोणाला का सुचले नाही याचे नवल वाटावे. वेदनेचे निरोप मोठ्या माणसातही बहुतेक वेष्टन नसलेल्या किंवा पातळ वेष्टनाच्या तंतूंतूनच जातात. वेष्टन नसले तर निरोप अडत नाही, फक्त सावकाश जातो. आणि बाळाचे अंगच एवढेसे, की वाटही थोडीच असते.

माझा मुद्दा येथे आहे. ते डॉक्टर क्रूर नव्हते. एवढ्याशा जिवाला भूल सोसेल का, ही त्यांची भीती खरी होती आणि त्या काळच्या औषधांचा विचार करता ती अनाठायीही नव्हती. परंतु "भूल देणे धोक्याचे आहे, म्हणून त्याला दुखत असतानाही आम्हांला कापावे लागते", हे वाक्य मनाशी बाळगून रोज काम करणे कठीण. "त्याला दुखतच नाही" हे वाक्य सोपे. म्हणजे तो सिद्धांत बाळाविषयी काही सांगत नव्हता. चाकू धरणाऱ्या हाताला तो धीर देत होता. जेव्हा जेव्हा कोणी मला सांगतो की अमक्याला काही वाटत नाही, तेव्हा तेव्हा मी आधी हे पाहतो, की हे खरे असण्याने कोणाची सोय होते. देकार्तने जनावरे म्हणजे यंत्रे म्हटले, त्यात सोय कोणाची होती? "त्या लोकांना सवय असते हो," असे आपण उन्हात दगड फोडणाऱ्यांबद्दल म्हणतो, तेव्हा ती कोणाची असते?

आणि हे वाक्य घरापर्यंत येते. माझ्या आईची वाचा अखेरच्या वर्षी पूर्ण गेली होती. ओळखही राहिली नव्हती. पाठीला जखमा झाल्या होत्या आणि एका दवाखान्यातला माणूस एक दिवसाआड मलमपट्टीला येई. पट्टी ओढताना तो म्हणाला, "आजींना आता काही कळत नाही. तुम्ही बाहेर थांबा, तुम्हांलाच त्रास होईल." तोही वाईट माणूस नव्हता, त्याला दिवसाकाठी सात-आठ घरे करायची असत. मी बाहेर गेलो नाही. आईचा चेहरा खरोखरच कोरा होता. पण पट्टी निघताना तिच्या पायाची बोटे आत वळत होती. मी त्याला म्हटले, आधी बधिर करणारी जेली लावा आणि दहा मिनिटे थांबा. तो थांबला. त्यानंतर बोटे वळली नाहीत.

यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. बोटे वळणे ही पाठीच्या कण्यातून परस्पर होणारी प्रतिक्रिया असू शकते. तिला मेंदूची गरज नसते. माझ्या भावाने, जो स्वतः औषधांच्या व्यवसायात आहे, मला हेच समजावले. ती जेली करते काय, तर सोडियमची ती दारे बंद करते, बस. तिने कण्याकडे जाणारा निरोप थांबला असेल; आईची वेदना थांबली की नाही, याचे उत्तर त्यात नाही. भावाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तरीही दर खेपेला ती दहा मिनिटे थांबायचे, यावर आमच्यात वाद झाला नाही. कारण तो प्रश्न ज्ञानाचा नव्हताच. उत्तर मिळत नसताना कसे वागायचे, याचा होता.

उत्तर मिळत नसेल तेव्हा चुकण्याच्या दोन वाटा असतात. वेदना नसताना ती आहे असे धरले, तर थोडे औषध, थोडा वेळ वाया जातो. क्वचित एखादा ढोंगी आपल्याला फसवतो. वेदना असताना ती नाही असे धरले, तर जे घडते त्याला भरपाई नाही, आणि ज्याच्यावर ते घडते तो तक्रार करायलाही असमर्थ असतो. ही दोन पारडी सारखी नाहीत. कोर्टात आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. येथे मात्र "दुखत नाही" म्हणणाऱ्याने तो द्यावा, असे माझे मत आहे.

याला मर्यादा आहेत, हे मी नाकारत नाही. डॉक्टरांना भूल देण्याचा धोकाही तोलावाच लागतो. मी स्वतः मासे खातो. ज्या माकुलाच्या मज्जातंतूने आपल्याला हे सारे शिकवले, त्याला दुखते का, असे १९३९ साली फारसे कोणी विचारले नाही; त्याच ब्रिटनमध्ये २०२२ साली झालेल्या कायद्याने माकूल आणि त्याच्या जातीचे प्राणी, तसेच खेकडे, यांना संवेदनक्षम जिवांत धरले. त्यामुळे माझे ताट बदलले असे नाही. पण बाजारात जिवंत खेकड्यांचे पाय मोडून टोपलीत टाकताना पाहिले की "त्यांना काय कळतंय" हे वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही. सवलत घेणे वेगळे आणि सवलतीसाठी खोटा सिद्धांत रचणे वेगळे. आपल्या संतपरंपरेत एकनाथांची कथा आहे: काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतले. नाथांनी गाढवाकडे पुरावा मागितला नाही.

उलट, निरोप हाती असूनही तो आपला न होणे म्हणजे काय, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवले. तामिळनाडूच्या डोंगरांत जन्मलेल्या या डॉक्टरांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम केले. बोटे रोगाने झडत नाहीत. रोग मज्जातंतू मारतो, बधिर हाताला भाजलेले कळत नाही आणि त्या दुर्लक्षित जखमांनी बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम वेदना तयार करण्याचा प्रयत्न केला. दाब वाढला की कानात आवाज करणारे, पुढे तर विजेचा झटका देणारे मोजे आणि हातमोजे बनवले. रुग्णांनी काय करावे? एखादे काम उरकायचे असले की ते यंत्र बंद करीत. निरोप बिनचूक होता. पण तो यंत्राचा होता; त्यांचा नव्हता.

दुसऱ्याच्या दुःखाची बातमी आपल्यापर्यंत पोहोचते ती बहुधा अशाच हातमोज्यातून. आकडे येतात, छायाचित्रे येतात, आणि कळ बंद करण्याची सोय आपल्या हातात असते. म्हणून कळण्यापासून कळवळ्यापर्यंतचे अंतर केवळ माहितीने कापले जाईल, असे मला वाटत नाही.

मग ते कशाने कापले जाईल? मज्जापेशीची एक गोष्ट सांगायची राहिली. निरोप नसताना तिची जी स्थिती असते, तिला शास्त्रात विश्रांतीची स्थिती म्हणतात. हे नाव फसवे आहे. पटलातले सूक्ष्म पंप अहोरात्र तीन सोडियम बाहेर टाकत आणि दोन पोटॅशियम आत ओढत असतात. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतके. तो शरीराची पाचव्या हिश्शाइतकी ऊर्जा खातो, आणि तिचा मोठा वाटा याच पंपांवर खर्च होतो. काटा रुतल्यावर दार उघडते ते फुकट. खर्च होतो तो काटा रुतण्यापूर्वी, दार उघडण्याजोगे राहावे यासाठी. पंप थांबले की थोड्याच वेळात आतबाहेर समान होते. त्या शांततेत दुखत काहीच नाही, कारण तेथे जिवंतही काही उरलेले नसते.